राज्यशास्त्राच्या वर्गात जीआर का वाचत नाहीत?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘कल्याणकारी राज्य : हक्क, पैसा आणि नकार’. तीन मुद्दे, पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे प्रत्येकी पंधरा, असा हिशेब करून मी घरून निघालो. तिसऱ्या रांगेत माझे जुने विद्यार्थी बसलेत, ते आत्ताच हसायला लागले. त्यांना हे हिशेब ठाऊक आहेत. असो.

विषयाला हात घालण्याआधी एक मनातलं बोलून घेतो. आपल्याकडे राज्यशास्त्रात एम.ए. झालेल्या मुलाला रूसो विचारा, सांगेल. समान नागरी कायद्याचं कलम विचारा, सांगेल. आता त्याच्या हातात मंत्रालयातून निघालेला चार पानी शासन निर्णय, म्हणजेच जीआर, द्या आणि विचारा, बाबा रे, यातून कोणाला काय मिळणार? मुलगा प्रस्तावना वाचतो आणि थांबतो. वरती ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, ती सोडून देतो. खाली लेखाशीर्ष असतं, म्हणजे पैसा कोणत्या खात्यातून खर्च होणार त्याचा आकडी संकेतांक, तो त्याला टेलिफोन नंबर वाटतो. आणि मधे ज्या अटी व शर्ती असतात, जिथे सगळं राजकारण मुरलेलं असतं, त्या त्याला कंटाळवाण्या वाटतात. दोष मुलाचा नाही. आपण त्याला हा कागद कधी दाखवलाच नाही.

मी दाखवायला निघालो होतो. एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात मी होतो. नाव सांगत नाही, त्या मंडळातले एकदोघं या सभागृहात असण्याची दाट शक्यता आहे. मी प्रस्ताव ठेवला, चार श्रेयांकांची (क्रेडिट्सची) एक पत्रिका, म्हणजे पेपर, करू, ‘शासकीय दस्तऐवजांचं वाचन’. जीआर, अर्थसंकल्पाची पुस्तकं, विधिमंडळातली प्रश्नोत्तरं, सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचे अहवाल. पहिली हरकत आली, “सर, हे कारकुनाचं काम झालं. आपण सिद्धान्त शिकवतो.” दुसरी हरकत जास्त गंभीर होती. अभ्यासक्रमाच्या नमुन्यात संदर्भग्रंथांचा रकाना असतो. लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक. “जीआरचा लेखक कोण लिहायचा?” मी म्हटलं, राज्यपाल लिहा. प्रत्येक जीआरच्या शेवटी छापलेलंच असतं, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. लेखक राज्यपाल, प्रकाशक मंत्रालय, किंमत शून्य, संकेतस्थळावर फुकट. कोणी हसलं नाही. आज तुम्ही हसलात, बरं वाटलं.

आणि गंमत बघा. ज्यांना जीआर म्हणजे कारकुनी वाटत होती, त्या सगळ्यांना एक जीआर मात्र मुखोद्गत होता. ८ मार्च २०१९, प्राध्यापकांना सातवा वेतन आयोग. त्यातला कोणता परिच्छेद थकबाकीचा, कोणता पदोन्नतीचा, कोणत्या तक्त्यात कोणती श्रेणी, यावर चहाच्या वेळात जी चर्चा झाली, तशी चर्चा मी न्यायाचा सिद्धान्त मांडणाऱ्या रॉल्सवर कधी ऐकली नाही. म्हणजे वाचता येतं! स्वतःचं पोट त्या कागदात असलं की प्रत्येकाला वाचता येतं. माझा प्रस्ताव तत्त्वतः मान्य होऊन उपसमितीकडे गेला. उपसमिती अजून बसायची आहे.

बरं, हा कागद खालच्या दर्जाचा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक उदाहरण मी नेहमी देतो. २६ जुलै १९०२. करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या गॅझेटात राजर्षी शाहूंचा हुकूम प्रसिद्ध झाला. महाराज तेव्हा विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांना. हे वाक्य आपण सगळे जयंतीला म्हणतो आणि तिथेच थांबतो. पुढे वाचा ना. मागासलेले म्हणजे कोण, याची व्याख्या त्यातच आहे. ज्या खात्यात त्यांचं प्रमाण आत्ता पन्नास टक्क्यांहून कमी आहे, तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची, हे त्यात आहे. आणि शेवटची ओळ, जी मला सगळ्यांत आवडते : सर्व खातेप्रमुखांनी यापुढे केलेल्या नेमणुकांचं पत्रक दर तीन महिन्यांनी पाठवायचं. ज्या माणसाला आपले अंमलदार पक्के माहीत आहेत, तोच असं लिहितो. महाराजांना कळत होतं की घोषणा दरबारात जिरते, त्रैमासिक पत्रक जिरत नाही. सामाजिक न्यायाचा सिद्धान्त ज्यांना शिकवायचाय त्यांनी ती शेवटची ओळ शिकवावी.

तसंच महात्मा फुल्यांचं १८८२ चं, ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन. आपण ते ‘विचारवंत’ या पत्रिकेत टाकून मोकळे झालो. पण ते धोरणाचं टिपण आहे हो. शेतसारा भरतो रयत आणि सरकार तो खर्च करतं वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा सरळ जमाखर्च त्यांनी मांडला. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी वय घालून केली.

आता अलीकडचं. यात कोणाची बाजू घेत नाही, पुढच्या रांगेतल्या सर्वपक्षीय मान्यवरांनी निश्चिंत असावं. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा पहिला जीआर २८ जून २०२४ चा. त्यात वयाची वरची मर्यादा साठ. कुटुंबाकडे पाच एकरांहून जास्त शेती नको. अधिवास प्रमाणपत्र हवं. अर्जाची मुदत १५ जुलै. दुसरा जीआर ३ जुलैचा. साठचे पासष्ट झाले. पाच एकरांची अट गेली. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. मुदत ३१ ऑगस्ट. दोन कागदांत पाच दिवसांचं अंतर. हे दोन कागद शेजारी ठेवून बसा आणि प्रत्येक बदलासमोर लिहा : हे कोणी मागितलं असेल? तहसील आणि सेतू केंद्रांवर दाखल्यांसाठी लागलेल्या रांगा कोणत्या वाक्यात शिरल्यात? शेतकऱ्याच्या घरातली बाई कोणत्या वाक्याने आत आली? नोव्हेंबरमधली निवडणूक कोणत्या वाक्यात दिसते? दबावगट, मतपेढी, नोकरशाही, पुस्तकातली निम्मी प्रकरणं या दोन कागदांत भेटतील.

आणि तिसरा कागद त्यांच्या शेजारी ठेवा. संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० पासूनची. विधवा, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण. २०२४ मध्ये महिन्याचं अनुदान इथेही दीड हजार, तिथेही दीड हजार. पण उत्पन्नाची अट? लाडक्या बहिणीला कुटुंबाचं वार्षिक अडीच लाख. निराधाराला वार्षिक एकवीस हजार, अपंग असेल तर पन्नास हजार. अडीच लाखांना बाराने भागा. वीस हजार आठशे तेहतीस. म्हणजे एका योजनेतली वर्षाची मर्यादा ही जवळजवळ दुसऱ्या योजनेतली महिन्याची मर्यादा आहे! एकच सरकार, दोन खाती, गरिबीच्या दोन व्याख्या. निराधार विधवेने एकवीस हजारांचा दाखला मिळवायचा तर वर्षभर महिन्याला साडेसतराशेवर घर चालतं असं तलाठ्याकडे सांगायचं. ती सांगते, तो लिहितो, दोघांनाही ठाऊक असतं. याच्यावर कोणी पीएच.डी. करणार असेल तर मला भेटा. मार्गदर्शक म्हणून मी आता निवृत्त झालोय, पण चहा पाजीन.

चिठ्ठी आली. ‘सर, सात मिनिटं.’ अध्यक्ष मॅडम, आता खरोखरच विषय मांडतो.

हक्क. आपल्याकडे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात, विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. बाहत्तरच्या दुष्काळात त्याची व्याप्ती वाढली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. योजना असताना मजूर काम मागायचा, कायदा झाल्यावर काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. ज्याला अंगमेहनत करायची तयारी आहे त्याने यावं, उत्पन्नाचा दाखला कोणी विचारला नाही. दाखल्याऐवजी फावडं. आत्ताच्या एकवीस हजारांशी याची तुलना तुमची तुम्ही करा, मला वेळ नाही.

पैसा. इथे पगारदार किती? फेब्रुवारीत व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे कापला जातो, का? कारण घटनेच्या कलम २७६ ने वर्षाला अडीच हजारांची कमाल मर्यादा घातलीय. अकरा महिने दोनशे, एक महिना तीनशे. हा कर १९७५ मध्ये राज्याने आणला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या बाबूच्या पगारातून खेड्यातल्या मजुराची मजुरी, आणि तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. असा नेमका करार फार थोड्या ठिकाणी सापडेल. पगारपत्रकावर तो महिन्याच्या महिन्याला येतो आणि आपण गृहकर्जाच्या हप्त्याकडे बघत पान उलटतो.

नकार. यावर माझं खरं व्याख्यान होतं, ते राहिलं. दोनच गोष्टी सांगतो. धोरण कोणाला मिळालं यावर अभ्यास होतो, कोणाला नाकारलं यावर होत नाही, कारण नाकारलेल्यांची यादी कोणी छापत नाही. दुसरी, २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवा नाकारताना कारण लेखी द्यायचं आहे आणि त्यावर अपीलही करता येतं. तेव्हा एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी एखाद्या तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा आणि वर्षभरात नामंजूर झालेल्या अर्जांची कारणं मागावीत. नावं नकोत, फक्त कारणं. तो अर्जही नामंजूर झाला, तर त्याचं कारण प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात घाला.

आता प्रश्न विचारा. उपसमितीबद्दल सोडून.