हिशेब भिंतीचा होता

(दृश्य: कोरा कागद. पेन्सिलीनं हळूहळू उमटत जाणारा आलेख.)

1946. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात नवा सायक्लोट्रॉन, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, उभारायचा होता. आराखड्याचं काम होतं रॉबर्ट विल्सन यांच्याकडे. वय जेमतेम 32. यंत्राभोवतीची संरक्षक भिंत किती जाड हवी, हे ठरवण्यासाठी ते हिशेब करत होते: वेगवान प्रोटॉन पदार्थात शिरला की पुढं त्याचं काय होतं?

सुरुवातीला तो इतक्या वेगात असतो, की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांपाशी रेंगाळत नाही. त्यामुळं ऊर्जा थोडीच सांडते. वेग मंदावतो तशी ती जास्त सांडू लागते. मग अगदी शेवटच्या टप्प्यात उरलीसुरली ऊर्जा एकदम टाकून तो थांबतो. त्यापुढं जवळजवळ काहीच जात नाही. आलेखावर तिथं एक सुळका दिसतो. विल्यम ब्रॅग यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फा कणांच्या बाबतीत तो आढळला होता, म्हणून त्याचं नाव ब्रॅग शिखर.

हिशेब भिंतीचा होता. विल्सन यांना त्यात कर्करोगाची गाठ दिसली.

कारण क्ष-किरणांना असा मुक्काम नसतो. गाठीपर्यंत जाताना ते वाटेतल्या निरोगी पेशींना इजा करतात आणि गाठ ओलांडून पलीकडेही जात राहतात. गाठ डोळ्यात असेल, मेंदूच्या तळाशी असेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर ‘पलीकडे’ काय आहे याला फार मोठी किंमत असते.

त्याच वर्षी त्यांनी हा विचार रेडिओलॉजीच्या नियतकालिकात मांडला. लेख अवघा पाच पानांचा. त्यातली एक सूचना मला विशेष मोलाची वाटते. सुळका अरुंद, गाठ रुंद. मग सगळी गाठ व्यापायची कशी? प्रोटॉनच्या वाटेत कमीजास्त जाडीचं चाक फिरवा, म्हणजे थांबण्याची जागा मागंपुढं सरकत राहील. अशी चाकं पुढं खरोखर वापरात आली.

(दृश्य: लॉस अलामोसची जुनी छायाचित्रं.)

हा लेख लिहिणारा माणूस नुकताच अणुबॉम्बच्या प्रकल्पातून बाहेर पडला होता. लॉस अलामोसला त्यांनी प्रायोगिक संशोधनाच्या विभागाचं नेतृत्व केलं होतं. हिरोशिमानंतर त्यांनी शस्त्रांचं काम पुन्हा हाती घेतलं नाही. हे बाजूला ठेवून तो लेख मला वाचता येत नाही.

1954 मध्ये बर्कलीत कॉर्नेलियस टोबायस आणि जॉन लॉरेन्स यांनी प्रोटॉननं रुग्णांवर उपचार सुरू केले. 1961 पासून विल्सन यांनी आखलेल्या त्या हार्वर्डच्या यंत्रावरही रुग्ण येऊ लागले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी बांधलेल्या इमारतीत, 2002 पर्यंत, 9,000हून अधिक माणसांवर तिथं उपचार झाले.

अडचण मात्र मोठी होती. पाण्यात 26 सेंटिमीटर खोल जायला सुमारे 200 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. हे गणित सोपं. पण शरीर म्हणजे काही पाण्याचं भांडं नव्हे. वाटेत हाड आलं की प्रोटॉन अलीकडेच थांबतो, हवेची पोकळी आली की पुढं निसटतो. मग तीच अचूकता रुग्णाच्या जिवावर उठू शकते. वाटेत किती हाड, किती मांस, किती हवा, याचा नकाशा हाती आला तो सत्तरच्या दशकात, सीटी स्कॅनमुळं. डोळ्याच्या आणि कवटीच्या तळाच्या गाठींवर प्रोटॉनचा उपयोग नीट सिद्ध झाला, तो त्यानंतरच्या वर्षांत.

विल्सन तोवर दुसऱ्याच कामात गढले होते. शिकागोजवळची फर्मिलॅब ही प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, 1978 पर्यंत तिचे संचालक होते.

(दृश्य: उपचारकक्ष. रुग्णाच्या खाटेभोवती हळूहळू फिरणारं अवजड यंत्र.)

रुग्णालयासाठीच बांधलेला प्रोटॉनचा पहिला त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, याच फर्मिलॅबमध्ये तयार झाला. 1990 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथं तो रुग्णांसाठी सुरू झाला. भिंतीच्या त्या हिशेबाला तेव्हा 44 वर्षं झाली होती. विल्सन 76 वर्षांचे होते.