क्रियापदावर अडलेला कोर्स

(पडद्यावर एका ऑनलाइन कोर्सचं पहिलं पान. कर्सर स्थिर.)

शिकवणारा इथे नाही. विद्यार्थीही नाहीत. कोर्स उघडून बसलेत ते तीन परीक्षक. तिघंही स्वतः ऑनलाइन शिकवतात, पण आज त्यांना विद्यार्थ्याच्या नजरेनं बघायचंय. पहिला प्रश्न अगदी साधा: सुरुवात कुठून करायची?

त्यांच्या हातातली ‘क्वालिटी मॅटर्स’ ही ऑनलाइन कोर्सच्या तपासणीची पद्धत अमेरिकेतल्या मेरीलँडची, २००३ च्या सुमाराची. तिथल्या महाविद्यालयांना एकमेकांचे ऑनलाइन कोर्स वापरायचे होते. पण दुसऱ्याच्या कोर्सवर भरवसा कसा ठेवायचा? त्यातून आठ मुख्य निकष ठरले, त्यांच्या पोटात बारीक निकष आणि प्रत्येकाला गुण. अत्यावश्यक निकषाला तीन गुण. असा एक जरी हुकला, तरी एकूण बेरीज कितीही होवो, दुरुस्तीशिवाय कोर्स पुढे सरकत नाही.

(क्लोजअप: उद्दिष्टाची ओळ.)

‘या घटकानंतर विद्यार्थी दोन सिद्धांतांची तुलना करू शकेल.’

छान. आता याच घटकाची चाचणी उघडू. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. सिद्धांत कोणी मांडला? कोणत्या साली? तुलना कुठेच नाही. विद्यार्थी दहापैकी दहा मिळवेल आणि तुलना एकदाही करणार नाही. उद्दिष्ट, साहित्य, कृती आणि चाचणी यांचा मेळ बसतो का, हा या तपासणीचा कणा. ‘विद्यार्थ्याला समजेल’ असं उद्दिष्ट दिसलं, तरी परीक्षक थांबतात. समजलं हे मोजायचं कशावरून?

पुढे वाचनासाठी एक पीडीएफ. अक्षरं स्वच्छ दिसतात. माउसनं ओळ निवडून बघा... निवडलीच जात नाही. पान म्हणजे नुसता स्कॅन केलेला फोटो. अंध विद्यार्थ्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर इथे मुका होतो.

एक गोष्ट मात्र या चौकटीत येत नाही, आणि ती छोटी नाही. शंकेला किती वेळात उत्तर मिळेल, हे कोर्समध्ये लिहिलंय का, ते परीक्षक बघतात. उत्तर खरंच आलं का, हे त्यांच्या कक्षेबाहेर. तपासणी आराखड्याची आहे, शिकवण्याची नाही. उत्तम आखलेल्या कोर्समध्येही विद्यार्थी एकटा पडू शकतो.

(अहवालाचं पान.)

शेरा दोन ओळींचा: ‘चाचणीत फक्त आठवण तपासली जाते. तुलनेला वाव देणारा एक तरी प्रश्न घालावा.’

(चाचणीचं संपादन सुरू. सात प्रश्न पुसले जातात. नवा प्रश्न टाइप होतो: ‘हे दोन्ही सिद्धांत एकाच घटनेला लावून पाहा. कुठला कुठे अपुरा पडतो?’)