अकरा जणांची मोजदाद

(दृश्य: सेंच्युरियनचं मैदान, नोव्हेंबर 2001)

माइक डेनिस हे नाव घेतलं की आजही आपल्याकडे कपाळाला आठी पडते. पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत या सामनाधिकाऱ्याने सचिनसकट सहा भारतीयांना शिक्षा ठोठावली. बीसीसीआय हटून बसलं. डेनिसला बाजूला ठेवून सेंच्युरियनची लढत झाली खरी, पण आयसीसीने तिचा कसोटीचा दर्जाच काढून घेतला. एवढं आपल्याला पाठ आहे. त्या लढतीत दक्षिण आफ्रिकेकडून वीस वर्षांचा एक पोरगा पदार्पण करत होता, हे फारसं कुणाला आठवत नाही. जॅक रुडॉल्फ. लढतीचा दर्जा गेला, त्याबरोबर त्याचं पदार्पणही गेलं. दक्षिण आफ्रिकेच्या संघातल्या गोरेतरांच्या कोट्याचा वाद त्याच्याच नावाशी जोडला गेला.

पुढची संधी आली सिडनीत, जानेवारी 2002 मध्ये. ऑस्ट्रेलियाने मालिका आधीच खिशात टाकलेली. लान्स क्लुसनरला बसवून निवडकर्त्यांनी रुडॉल्फला घेतलं, आणि मंडळाचे अध्यक्ष पर्सी सन यांनी ती निवड फिरवली. गोरेतर खेळाडूंना संधी देण्याचं मंडळाचं धोरण आहे, तेव्हा जस्टिन ऑन्टॉन्ग खेळेल, असं ठरलं.

ऑन्टॉन्ग पार्ल गावचा, मिश्रवंशीय. वय 21. समोर मॅग्रा, ली आणि वॉर्न. आपण संघात का आहोत हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, हे डोक्यात ठेवून त्याने पहिली कसोटी खेळायची होती. त्याची कसोटी कारकीर्द दोन सामन्यांवर थांबली. रुडॉल्फने 2003 मध्ये चितगावला खरंखुरं पदार्पण केलं आणि नाबाद 222 धावा ठोकल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोट्याविरुद्धचा खटला तिथेच निकाली निघाल्यासारखा वाटतो.

पण आकडे मोजायला सुरुवात कुठून करायची?

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, केपटाउन)

1894. दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला निघाला होता. क्रॉम हेन्ड्रिक्स नावाचा केपटाउनचा वेगवान गोलंदाज त्यात असायला हवा होता. तो मिश्रवंशीय. प्रकरण पार केप कॉलनीचे पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स यांच्यापर्यंत गेलं आणि हेन्ड्रिक्स घरी राहिला. पुढे 1970 पर्यंत हा देश फक्त इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी कसोटी खेळला. भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज यांच्याशी एकही नाही. राष्ट्रीय संघ गोऱ्यांसाठी राखीव होता, आणि त्या राखीव जागांना त्या काळी गुणवत्ता म्हणत.

मिश्रवंशीय बझिल डॉलिव्हेरा केपटाउनमध्ये धावांच्या राशी रचून अखेर 1960 मध्ये इंग्लंडला गेला. इंग्लंडकडून कसोटी खेळायला लागला तेव्हा तिशी केव्हाच उलटली होती. 1968 मध्ये ओव्हलवर त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 158 केल्या. तरीही आफ्रिका दौऱ्याच्या संघात आधी त्याचं नाव नव्हतं. टॉम कार्टराइट जखमी झाला म्हणून ते आलं, तर तिथले पंतप्रधान फोर्स्टर यांनी संघच नको म्हणून सांगितलं. दौरा रद्द. त्यानंतर जगाने दक्षिण आफ्रिकेला वाळीत टाकलं.

बॅरी रिचर्ड्सला जेमतेम 4 कसोटी मिळाल्या म्हणून क्रिकेटरसिक आजही हळहळतात. हळहळावंच, काय फलंदाज होता! पण ज्यांना शून्य मिळाल्या त्यांच्या नावाने कोण हळहळणार? त्यांच्या नोंदीच नाहीत.

(दृश्य: पहाटेचा रस्ता, एकटा धावणारा माणूस)

मखाया एन्टिनी. म्डिंगी गावचा गुराखी. 1998 मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन. 101 कसोटी, 390 बळी. 2020 मध्ये त्याने टीव्हीवर जे सांगितलं, त्याने त्याचे जुने सहकारीही वरमले असतील. जेवायला चल म्हणून त्याच्या खोलीचं दार कुणी वाजवत नसे. न्याहारीला तो बसला की बाकीचे दुसऱ्या टेबलावर. मग तो किटबॅग बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि हॉटेलपासून मैदानापर्यंत धावत जायचा, संध्याकाळी धावत परत. लोकांना वाटायचं, काय हा तंदुरुस्तीचा ध्यास! त्याला फक्त त्या बसमध्ये बसायचं नव्हतं.

(दृश्य: ऑकलंड, 24 मार्च 2015)

विश्वचषकाची उपांत्य फेरी, न्यूझीलंडविरुद्ध. फॉर्मात असलेला गोरा काइल अॅबट बाहेर, दुखापतीतून उठलेला मिश्रवंशीय व्हर्नन फिलँडर आत. वरून दबाव आला, ही चर्चा तेव्हापासून आजतागायत आहे. मंडळाने ती नाकारली. फिलँडरने 8 षटकांत 52 धावा दिल्या, बळी नाही. त्याच डावात डेल स्टेनने 8.5 षटकांत 76 दिल्या. ग्रँट एलियटचा विजयी षटकार त्यालाच बसला. झेलाखाली दोन क्षेत्ररक्षक एकमेकांवर आदळले, धावचीतची संधी हुकली. पण 'हा संघात कसा?' हा प्रश्न फिलँडरच्याच वाट्याला आला. आणि अॅबटवर अन्याय झालाच नाही, असंही नाही. निर्णय घेणारे पडद्याआड. सोसायचं मात्र त्या दोघा खेळाडूंनी.

2016 मध्ये मंडळाने निदान उघडपणे आकडा लावला: सरासरी सहा गोरेतर, त्यांत किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन. सरासरी अख्ख्या हंगामाची, एकेका सामन्याची नाही. माझ्या मते यात शहाणपण होतं. ऐन उपांत्य फेरीच्या सकाळी कुणाचं नाव खोडायची वेळ येऊ नये, एवढी मोकळीक कर्णधाराला मिळते.

(दृश्य: लॉर्ड्स, 14 जून 2025)

केपटाउनजवळच्या लांगा वस्तीतला टेम्बा बवुमा. दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी शतक करणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन फलंदाज, 2016. दुसरं शतक यायला सात वर्षं लागली. तोवर 'कोट्यातला' हा शेरा त्याने किती वेळा ऐकला असेल! जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात 282 चा पाठलाग करताना त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. लंगडत त्याने 66 केल्या, मार्करमबरोबर 147 जोडल्या. कर्णधार तोच.

त्या अकरा जणांत गोरेतर चार. बवुमा, रबाडा, एनगिडी आणि केशव महाराज. म्हणजे सहाच्या सरासरीला दोन कमी, तरी ऑस्ट्रेलिया हरली. कोट्याचे विरोधक हा हिशेब आनंदाने मांडतील. त्यांनी आणखी एक यादी वाचावी. बवुमाची शाळा सेंट डेव्हिड्स. रबाडाची सेंट स्टिथियन्स. वडील डॉक्टर, आई वकील. एनगिडीची आई घरकाम करायची, तो शिष्यवृत्तीवर हिल्टन कॉलेजात गेला. तिन्ही महागड्या खासगी शाळा, हिरवीगार मैदानं, पगारी प्रशिक्षक. राष्ट्रीय निवड समिती बसते त्याच्या दहा-बारा वर्षं आधी, या शाळांच्या प्रवेशाच्या वेळी, बरीचशी निवड होऊन गेलेली असते. तिथल्या आकड्यांवरून कुठली पत्रकार परिषद गाजल्याचं आठवत नाही.