दार नसलेलं स्टेशन

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर माझ्या नावापुढे ‘बर्लिनचे अभ्यासक’ असं लिहिलंय, ते आधी पुसून टाकू या. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवून बसल्या. मी कामानिमित्त सहा महिने राहिलो आणि येताना मोडकंतोडकं जर्मन आणि साठ युरोच्या दंडाची पावती घेऊन आलो. त्या पावतीपासूनच सुरुवात करतो.

बर्लिनच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनांना दार नाही. जिना आहे, फलाट आहे, पण कार्ड टेकवल्यावर उघडणारं आपल्या मेट्रोसारखं फाटक नाही. बॅग तपासायला कुणी नाही. खाली उतरायचं आणि गाडीत बसायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, फुकटच दिसतंय! तर तसं नव्हतं. यंत्रातून तिकीट काढून ते फलाटावरच्या छोट्या पेटीत खुपसायचं, म्हणजे त्यावर वेळेचा शिक्का उमटतो. शिक्का नसेल तर तिकीट असून नसल्यासारखं. मी तिकीट काढलं होतं, अगदी जपून पाकिटात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या माणसानं, साधी जीन्स, हातात कॉफीचा कागदी पेला, शांतपणे खिशातून ओळखपत्र काढलं. मी नवीन आहे वगैरे सांगून पाहिलं. “पेटीवर इंग्रजीतही लिहिलंय,” तो म्हणाला. खरंच लिहिलं होतं.

अडवायला कुणी नाही, पण बघणारं कुणीतरी असतंच, हे मग जागोजागी कळत गेलं. पादचाऱ्यांच्या सिग्नलवर तिथे हॅट घातलेला एक ठेंगू असतो. १९६१ साली पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाउ यांनी तो काढला. लाल असला की हात पसरून उभा, हिरवा झाला की तरातरा चालणारा. देश एक झाल्यावर त्याला काढायला निघाले होते, लोकांनी आरडाओरडा करून वाचवला. रात्रीचे अकरा, रस्ता रिकामा, लांबपर्यंत एक गाडी नाही, आणि सात-आठ माणसं त्या लाल ठेंगूसमोर मुकाट उभी. मी सवयीनं निघालो. मागून एक आजोबा काहीतरी बोलले. शब्द कळले नाहीत, सूर कळला. आमच्या आजोबांचाही तोच होता.

मी राहायचो प्रेन्झलाउअर बेर्गमध्ये, म्हणजे जुन्या पूर्व बर्लिनमध्ये, एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरातल्या एका खोलीत. इमारतीचं एक अंग रस्त्याकडे, आत चौक, पलीकडे दुसरं अंग. पुण्याचा वाडा पाच मजली केला तर असाच दिसेल, फक्त चौकात तुळशीच्या जागी कचऱ्याचे डबे. कागद निळ्यात, ओला कचरा तपकिरीत, काच वेगळी, त्यातही पांढरी वेगळी आणि रंगीत वेगळी.

पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर मात्र पंचवीस सेंट अनामत असते, बियरच्या काचेच्या बाटलीवर आठ. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राला चारायची, ते चिठ्ठी देतं, चिठ्ठी गल्ल्यावर दिली की पैसे परत. आपल्याकडे भंगारवाला दारात येतो. तिथे शिकलीसवरलेली माणसं खळखळणाऱ्या पिशव्या घेऊन स्वतः जातात. पण बागेत बरेच जण रिकामी बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी करून ठेवतात. मला तो आळस वाटायचा. मग एका संध्याकाळी एक म्हाताऱ्या बाई दिसल्या. नीटनेटका कोट, चाकांची पिशवी, हातात टॉर्च. डब्यात झोत टाकून वाकून बघत होत्या. पैसे पुरत नाहीत म्हणून बाटल्या वेचणारी अशी माणसं त्या शहरात पुष्कळ आहेत. त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून बाटली बाहेर ठेवायची. त्या दिवसापासून मीही बाहेरच ठेवू लागलो.

आणि रविवार! रविवारची विश्रांती तिथे थेट राज्यघटनेत आहे. १९१९च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेनं जसंच्या तसं उचललंय. दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली काही सोडून. पहिल्या रविवारी माझ्याकडे चहाला दूध नव्हतं. दुसऱ्या रविवारी मी लोणच्याची रिकामी बरणी चौकातल्या काचेच्या डब्यात टाकली. खळ्ळकन आवाज झाला आणि वरच्या तीन खिडक्या उघडल्या. रविवारी काच टाकत नाहीत, हे तीन मजल्यांवरून तीन वेळा ऐकलं. आमच्या घरमालकीणबाई खिडकीतच होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढेही त्या कुणाला कधी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या दाराबाहेर फुटपाथमध्ये दोन पितळी चौकोन बसवलेले होते, दहा-दहा सेंटिमीटरचे. ‘इथे राहत होते’, खाली नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या शिल्पकारानं १९९६ साली क्रॉइत्सबेर्ग भागात असे दगड परवानगी न घेताच बसवले होते. २०२३पर्यंत युरोपभर एक लाख झाले. नाझींनी ज्यांना संपवलं त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर ते असतात. नऊ नोव्हेंबरला लोक ते घासतात. १९३८मध्ये त्या रात्री ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली होती. १९८९मध्ये त्याच तारखेला पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली भिंत उघडली. बाई गुडघ्याखाली उशी घेऊन घासत बसल्या होत्या, पण काळपट डाग निघेना. आईनं मला तांब्याचा तांब्या आणि पितांबरीची पुडी दिली होती, ती मी खाली आणली. बाईंनी पुडी हुंगून पाहिली, संशयानं चिमूटभर टाकली. नाव लखलखीत झालं.

उठताना त्यांनी मला ‘डू’ म्हटलं. जर्मनमध्येही तू आणि तुम्ही आहे, आणि तू म्हणायची मुभा मोठ्यांनी द्यायची असते. चार महिने आमचं अहो-जाहो चाललं होतं. वर जाऊन कॉफी पिताना, आजीला म्हणतो तसं तिला ‘अगं’ म्हणत मी विचारलं, तू रविवारी खिडकीतून कुणाला ओरडत कशी नाहीस?

ती म्हणाली, शेजाऱ्यांवर लक्ष ठेवणं आमच्याकडे खूप झालंय. १९८९ साली पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांकडे, श्टाझीकडे, एक्याण्णव हजार पगारी माणसं होती आणि वर एक लाख एकोणनव्वद हजार खबरे. कुणी शेजारी, कुणी ऑफिसातलं, कुणी घरातलं. १९९२पासून ज्याला त्याला आपापली फाईल वाचायची परवानगी मिळाली. तिनंही अर्ज केला होता.

“मग वाचलीस? काय होतं?”

“विशेष काही नाही. एका रविवारचं लिहिलंय, माझ्याकडे कॉफीला तीन मैत्रिणी आल्या होत्या म्हणून.” तिनं माझा कप पुन्हा भरला. “मी पाहुण्यांसाठी चार कप मांडले होते.”