पाकिटातून वाजणारी गाणी

१९५५ साली शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सने चक बेरी या नवख्या गायकाचे ‘मेबेलिन’ बाजारात आणले, तेव्हा रचनाकार म्हणून बेरीच्या जोडीला ॲलन फ्रीड हे नाव लागले. फ्रीड हे न्यूयॉर्क रेडिओचे तुफान लोकप्रिय निवेदक. नाव लागल्यामुळे विक्रीतला वाटा त्यांना मिळू लागला, म्हणजे गाणे जितके वाजेल तितका वाजवणाऱ्याचाच फायदा. रोख पाकिटापेक्षा ही सोय कितीतरी सभ्य दिसणारी होती. बेरीला संपूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ साल उजाडले.

गाणे वाजवण्यासाठी निवेदकाला लाच देण्याच्या या देवघेवीला अमेरिकेत ‘पेओला’ म्हणत. रेडिओ केंद्रात नव्या तबकड्यांचा ढीग येऊन पडे, वेळ मात्र मोजका असे आणि निवड बहुधा माइकपुढे बसलेल्या एकट्या माणसाच्या हाती असे. मोठ्या कंपन्यांकडे वितरणाचे जाळे होते. कृष्णवर्णीय कलावंतांचे संगीत काढणाऱ्या छोट्या कंपन्यांना पाकिटाचाच आधार होता. त्यामुळे काही उत्तम गाणी याच चोरवाटेने गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली, हे अडचणीचे वाटले तरी नाकारता येत नाही.

आपण कधीही लाच घेतली नाही, असे लिहून देण्यास फ्रीड यांनी नकार दिला आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये त्यांची डब्ल्यूएबीसी या न्यूयॉर्कच्या रेडिओ केंद्रावरील नोकरी गेली. पुढच्या वर्षी पेओलाची चौकशी करणाऱ्या ऑरेन हॅरिस यांच्या संसदीय उपसमितीपुढे जाण्याआधी टीव्हीवरील संगीत कार्यक्रमाचे लोकप्रिय निवेदक डिक क्लार्क यांनी संगीत कंपन्यांमधली आपली भागीदारी विकून टाकली होती. ते कौतुक पदरात घेऊनच बाहेर पडले. फ्रीड यांना १९६२ मध्ये ३०० डॉलर दंड झाला, पण त्यांची कारकीर्द तोवर संपलीच होती.

१९६० च्या कायद्याने गाण्यासाठी पैसे घेण्यावर बंदी घातली नाही. घेतलेले पैसे श्रोत्यांपासून लपवणे तेवढे गुन्हा ठरवले. मग निवड निवेदकाकडून कार्यक्रम व्यवस्थापकाकडे गेली, आणि कंपनी व केंद्र यांच्यामध्ये ‘स्वतंत्र प्रवर्तक’ नावाचे मध्यस्थ उभे राहिले, ज्यांच्यामुळे दोन्ही बाजूंना हात झटकता येऊ लागले. २००५ मध्ये न्यूयॉर्कचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांच्या चौकशीत सहली, लॅपटॉप आणि स्पर्धेतल्या खोट्या विजेत्यांच्या नावाखाली दडवलेल्या भेटी उघड झाल्या, तेव्हा सोनी बीएमजीने १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. २००७ मध्ये चार बड्या रेडिओ कंपन्यांनी सव्वा कोटी डॉलर भरले, आणि त्यासोबत छोट्या कंपन्यांच्या व स्थानिक कलावंतांच्या संगीतासाठी अर्ध्या तासाचे ८,४०० भाग देऊ केले.