साडीगार्ड काढलं म्हणजे डर्ट बाईक होत नाही

कोल्हापूरचं उद्यमनगर. लेथ सकाळपासनं चालू आहेत, शेजारच्या गाळ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत, आणि इथं स्टँडवर चढवलीय एक जुनी स्प्लेंडर. तीच ती 97.2 सीसीवाली, दूधवाल्यापासनं मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या दारात उभी असणारी. हिला आता मातीत पळवायचंय.

पोरं गाडी घेऊन येतात आणि पहिली मागणी काय, तर मडगार्ड वर घ्या, सायलेन्सर कापा, आवाज आला पाहिजे. नाद खुळा वगैरे सगळं ठीक, पण तेवढ्यानं गाडी फक्त रीलमध्ये पळते. खड्ड्यात गेली की फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाला धरणारे दोन स्प्रिंगचे दांडे, तळाला आपटतो आणि दणका थेट मनगटात.

सुरुवात काढाकाढीची. साडीगार्ड, लेगगार्ड, मेन स्टँड, चेनकव्हर, आरसे, इंडिकेटर... एक रुपया खर्च न करता गाडी हलकी. मग स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. पुढचं 14 दातांचं असेल तर 13 चं टाकायचं, गिअरिंग साधारण 7 टक्क्यांनी खाली येतं. मागनं तेवढाच फरक हवा असेल तर 42 दातांचे 45 करावे लागतात, म्हणजे पुढचं बदलणं केव्हाही स्वस्त. टॉप स्पीड जातो, पण चढावर दम येतो, आणि चिखलात टॉप स्पीड लागतो कुणाला?

आता खरं काम, सस्पेन्शन. रोडच्या साध्या गाडीचा पुढचा फोर्क दबून दबून दबणार दहा-बारा सेंटीमीटर, मोटोक्रॉसच्या गाडीचा तीसच्या आसपास. हिरोनं 2011 ला इम्पल्स नावाची 150 सीसीची उंच गाडी काढली होती, ग्राउंड क्लिअरन्स 245 मिलिमीटर. तेव्हा फारशी खपली नाही, बंद पडली, आणि आता लोक तिचेच फोर्क भंगारवाल्यांकडं शोधत फिरतात! तो फोर्क स्प्लेंडरला सरळ बसेलच असं नाही. मग हे असं, मिस्त्री व्हर्नियर लावून माप घेतात, लेथवर बुश, म्हणजे मधली फट भरणारी कडी, काढतात, घालून बघतात, परत काढतात, जरासं घासतात, परत घालतात. हँडल कुठंही न अडकता दोन्हीकडं फिरलं पाहिजे आणि बेअरिंगमध्ये खडखड नको, तोवर हे चालूच.

पुढं उंच केलं की मागंही करावं लागतं. नुसते मागचे शॉकअप लांब टाकले तर फोर्क उभा होतो आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. नुसतं पुढंच उंच केलं तर गाडी वळायला आळशी आणि चढावर पुढचं चाक हवेत. एक गोष्ट बरेच जण विसरतात, चेन. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वरखाली होताना पुढचं स्प्रॉकेट, आर्मचा पिव्होट (तो ज्यावर हलतो तो बिंदू) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणली जाते. म्हणून मिस्त्री शॉकअप सोडवतात, आर्म हातानं उचलून त्या रेषेत आणतात आणि तिथं चेनला ढील आहे का बघतात. स्टँडवर सैल दिसणारी चेन उडीत तटकन तुटू शकते.

टायर नॉबी, म्हणजे मोठ्या गुठळ्यांचे. रिम स्पोकचीच, कारण स्पोकची रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकलं की विषय संपला. हवा पंधरा-सोळा पीएसआयपर्यंत उतरवली की ग्रिप येते, पण टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटू शकतो, त्यासाठी टायर रिमला आवळून धरणारं रिम लॉक. इंजिनला मात्र हात लावू नका, एअर फिल्टर धुळीपासनं नीट झाका, बस्स.

आणि हो, ही गाडी आता रस्त्यावर काढायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल चालणार नाही. मालकाला प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि इथं बदल मोजायला बसलो तर बोटं पुरणार नाहीत, त्यामुळं ट्रॅकवर जाताना हिची स्वारी छोट्या हत्तीतनं, दोन बाजूंनी दोऱ्या आवळून.