पोफळीची वीज आणि घाटातली एसटी

(दृश्य: पहाट, कुंभार्ली घाट, धुक्यातून एसटी वर येतेय)

हा आवाज ऐका जरा. सेकंड गिअर. चिपळूणहून कराडला निघालेली एसटी घाट चढतेय आणि आतली निम्मी माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलीयेत.

आता खाली बघा. ती पोफळी. कोयनेचं पाणी बोगद्यातून इथे कोकणाच्या बाजूला पडतं आणि डोंगराच्या पोटातली टर्बाईन फिरवतं, सगळे टप्पे धरून कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. म्हणजे ज्या डोंगराच्या पोटात वीज बनते त्याच्याच पाठीवर आपली लाल परी डिझेल पीत धापा टाकतेय. शूट करताना हसावं की रडावं कळेना.

मग इलेक्ट्रिक बस आणा की! आणता येते. पण १५ टनांची बस फक्त १०० मीटर उंच न्यायची तरी नुसत्या चढाईला ४ युनिट लागतात, बाकी लॉस वेगळा. त्यामुळे घाटासाठी बॅटरी मोठी घ्यायची, मोठी घेतली की गाडी जड होते आणि जड गाडी चढवायला परत जास्त वीज लागते.

(दृश्य: कोकण रेल्वे, इंजिनावरची तार)

मग बॅटरी वाढवण्याऐवजी चालत्या गाडीलाच वीज दिली तर? यात नवल काहीच नाही, ही रोज आपल्या दारावरून जाते. फरक एवढाच की रस्त्यावर तार डोक्यावर न घेता डांबराखाली घालायची, आणि गाडीने तिला शिवायचंही नाही.

(दृश्य: कॉलेजची लॅब, टेबल, क्लोजअप)

या पोरांनी तांब्याच्या तारेची दोन वेटोळी केलीयेत. खालच्याला करंट, वरच्याला एक छोटा एलईडी. मध्ये हवा, तरी पेटला. आता जांभ्याची कपची ठेवली, तीही पाण्यात भिजवून, कारण आपल्याकडे चार महिने दुसरं असतं काय. पेटलेलाच आहे. आता डब्याचं स्टीलचं झाकण सरकवलं, गेला! खालच्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं, त्याने वरच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तेच हे. पाणी, दगड, डांबर त्याला फारसे आडवे येत नाहीत पण धातू मध्ये आला की ते क्षेत्र त्याच्यातच जिरतं. म्हणून काँक्रीटच्या रस्त्यात सळ्यांच्या वर कॉइल, म्हणजे हेच तारेचं वेटोळं, बसवावी लागते, आणि सळ्यांपासून क्षेत्र वळवायला खाली फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर.

(दृश्य: नकाशा)

दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ मध्ये अशा बस धावल्या, तिथलं फुटेज आमच्याकडे नाही, नकाशावर भागवून घ्या. २४ किलोमीटरचा रूट, आणि कॉइल सगळ्या रस्त्यात नाही, फक्त ५ ते १५ टक्के भागात. बस वर आली की तेवढाच तुकडा चालू होतो, गेली की बंद. रस्ता आणि बसमध्ये १७ सेंटीमीटर अंतर, बॅटरी नेहमीच्या इलेक्ट्रिक बसच्या साधारण तिसरा हिस्सा. अमेरिकेत डेट्रॉईटला २०२३ मध्ये पाव मैल रस्ता असा केला.

आम्ही अख्खा मुंबई-गोवा हायवे मागतच नाही हो, तो आधी पूर्ण तरी होऊ दे. पण एसटीचा रूट ठरलेला, वेळ ठरलेली, चढ कुठे लागतो हे ड्रायव्हर झोपेतही सांगेल. तेवढ्या चढात कॉइल घाला. उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परत बॅटरीत येते, ते बोनस.

खर्च मोठा आहे, रस्ता खोदावा लागतो, दरड आली तर कॉइलसकट जाईल, हे सगळं आहेच.

(दृश्य: हेळवाक, चहाची टपरी)

इथे आम्ही काही बोलत नाही. कंडक्टरकाका चहा घेतायत, एक आजी पिशवी सावरत उतरतायत, मागे बस उभी आहे, इंजिन चालूच.